मदत हवी आहे: इतिहासात बी.ए. झाले, आता पोर्तुगीज शून्यापासून शिकायची आहे. एम.ए. कशात करू?

तेरेखोलकाठची

नमस्कार. धागा थोडा लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी एकवीस वर्षांची आहे. सावंतवाडीत राहते, यंदा इतिहास घेऊन बी.ए. झाले. आईचं माहेर पेडण्यात. तिथे माळ्यावर पणजोबांच्या वेळची एक फणसाच्या लाकडाची पेटी आहे, आणि तिच्यात तीन प्रकारचे कागद आहेत: मोडीतले, बाळबोधीतले आणि पोर्तुगीज. मोडी मी दोन वर्षांपूर्वी शिकले. सरावाने आता बऱ्यापैकी लागते. पोर्तुगीज कागदांपाशी मात्र हात टेकते. आजोबा सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची दुसरी पातळी, शिकलेले होते, ते हे कागद घडाघडा वाचायचे. मी नववीत असताना ते गेले. १९६१ नंतर घरात कुणीच ती भाषा शिकलं नाही, त्यामुळे आजोबांबरोबर वाचणारा शेवटचा माणूस गेला.

पेटीतल्या कागदांपासून सुरुवात झाली, पण आता ओढ तेवढ्यापुरती राहिलेली नाही. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. म्हणजे माझं आजोळ आणि माझं घर यांच्यामधून सरहद्द गेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कागद दोन भाषांत राहिले. आम्ही कॉलेजात हा इतिहास एका परिच्छेदात शिकलो. मला तो दोन्ही बाजूंनी वाचायचा आहे.

सहा महिने मोबाइलवरच्या ॲपने पोर्तुगीज शिकले. "मुलगा सफरचंद खातो" इथपर्यंत पोचले. मग दिवाळीच्या सुट्टीत लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर अठराव्या शतकातलं एक पत्र उघडून बसले. तासाभरात एकच शब्द लागला, 'बोंसुलो'. म्हणजे आमचे भोसले. त्या एका शब्दाने मला रात्रभर झोप लागली नाही, आणि बाकी काहीच कळलं नाही म्हणून रडूही आलं.

आता प्रश्न असा आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं एम.ए. आहे. ते करावं, की इतिहासातच एम.ए. करून भाषा बाजूने शिकावी? मला बोलण्यापेक्षा वाचायचं आहे, तर पेसोआ, कामोइंश यांसारखे पोर्तुगीज कवी, ब्राझीलच्या कादंबऱ्या, हे सगळं शिकण्यात दोन वर्षं घालवणं बरोबर होईल का? बाबांचं म्हणणं आहे की बी.एड. कर, निदान शाळेत लागशील. त्यांचं चुकतंय असं मला म्हणायचं नाही, घरची परिस्थिती त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण त्यांना समजावण्याआधी मला स्वतःला खात्री हवी आहे. ज्यांनी कॉलेजच्या वयात परकी भाषा शून्यापासून घेतली, त्यांनी कृपया सांगावं.

पणजीची मास्तरीण

तू म्हटलं तर चालेल ना? माझी नात तुझ्याएवढी आहे.

मी बरीच वर्षं पोर्तुगीज शिकवली, तेव्हा आधी भाषेचं सांगते, विद्यापीठाचं नंतर. ॲपवर तू शिकलीस ती बहुतेक ब्राझीलची पोर्तुगीज. वाचायला फरक थोडा, पण कानाला खूप. पोर्तुगालमध्ये स्वर गिळतात. 'एश्क्रितुरा' लिहिलेलं असतं, तोंडातून 'श्क्रितुरा' येतं. तुला वाटेल, मला वाचायचंच तर आहे, उच्चार काय करायचाय? करायचाय. जुन्या काळचे लेखनिक कानाला ऐकू येईल तसं लिहीत. उच्चार माहीत नसेल तर त्यांची चूक कुठली आणि तुझी कुठली हे कळणार नाही.

आणि शून्यापासून म्हणू नकोस. चावी, बादली, लिलाव, पिंप, फीत, घमेलं, मेस्त्री, कोबी, पगार, हे शब्द तुझ्या घरात आहेतच. वर्गात मी पहिल्या दिवशी 'चावी' फळ्यावर लिहायची. आजच्या पोर्तुगालमध्ये तो शब्द 'शाव्ह' असा ऐकू येतो. पण सोळाव्या शतकात जे लोक आपल्या किनाऱ्यावर उतरले ते 'च' म्हणत होते. पुढे लिस्बनचा 'च' झिजून 'श' झाला, आपल्याकडे जुना उच्चार टिकला. चारशे वर्षांपूर्वीची पोर्तुगीज तुझ्या आईच्या तोंडात आहे, बाळा. ती काढून वापर.

एम.ए.बद्दल: थेट उडी घेऊ नकोस. तिथे तास पोर्तुगीजमध्ये होतात आणि साहित्य मूळ भाषेतून वाचायचं असतं. कच्ची भाषा घेऊन आलेली मुलं पहिलं वर्ष नुसती मान डोलावतात, हुशार असली तरी. आधी पणजीत कामोइंश संस्थेच्या भाषा केंद्रात पायरीपायरीने शीक, बी१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत तरी. मग ठरव. प्रवेशाची अट दरवर्षीच्या सूचनेत बघावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

साहित्य नको म्हणालीस त्याचं मात्र मला वाईट वाटलं. कामोइंश स्वतः गोव्यात राहून गेला. १५७२ साली त्याचं महाकाव्य छापलं गेलं, आणि पुढची कित्येक शतकं शिकलेला प्रत्येक पोर्तुगीज माणूस ते वाचून मोठा झाला. व्हिसेरेईच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या, पत्रात ती भाषा, तो डौल डोकावतो. ज्ञानेश्वरी, तुकाराम न वाचता नुसतं मराठी व्याकरण शिकलेल्या माणसाला पेशवे दप्तर किती कळेल?

रेवदंडेकर

अभ्यासक्रमाचं मला सांगता येणार नाही. पण इकडे रेवदंड्याजवळ कोर्लईला येऊन जा. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात ख्रिस्ती घरांतून आजही पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात. पोर्तुगीजांनी हा चौलचा भाग १७४० मध्ये सोडला, भाषा मागे राहिली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्य मात्र मराठीसारखं, क्रियापद शेवटी. तुझ्यासारखीला ती ऐकून जे वाटेल ते आम्हाला रोजच्या सवयीने वाटत नाही. माझ्याकडे जेवायला ये.

जुने कागद

मास्तरीणबाईंचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. मी इतिहासवाला आहे आणि पोर्तुगीज तिशीत शिकलो.

माझ्या मते तुम्ही एम.ए. इतिहासातच करा. कागद वाचता येणं एक आणि कागदाला काय विचारायचं हे कळणं दुसरं. दुसरी गोष्ट इतिहासाच्या वर्गातच शिकवतात. भाषा मात्र त्याच दोन वर्षांत नेटाने करा, पुढे ढकलू नका. मी ढकलली आणि दहा वर्षं दुसऱ्यांच्या भाषांतरांवर लिहीत राहिलो. त्यातल्या काही जागा चुकीच्या होत्या, हे मूळ वाचल्यावर कळलं. ते छापलेलं आता मागे घेता येत नाही.

तुमचं त्या पत्रापुढे जे झालं ते भाषा येत नाही म्हणून निम्मंच, उरलेलं अक्षराचं आहे. जुनी जोडाक्षरी लपेट, शब्दांचे संक्षेप, 'के' या शब्दाऐवजी नुसतं एक अक्षर आणि वर रेघ. मोडी शिकलात म्हणजे ही शिस्त तुमच्याकडे आहे, तीच इथे लागते. शिवाय १९११ साली पोर्तुगालने शुद्धलेखन बदललं. त्याआधीच्या कागदांत जोडीची व्यंजनं आणि न उच्चारली जाणारी अक्षरं सर्रास असतात, म्हणून शब्दकोशात शब्द सापडत नाही. सुरुवात उलटी करा: आधी १९२०–३० चे टंकलिखित किंवा सुवाच्य कागद, मग एकोणिसावं शतक, मग मागे.

नावांचं एक टिपण घरीच बनवा. 'पोरोबो' म्हणजे परब, 'नाइके' दिसलं तर नाईक, 'बोतो' म्हणजे भट. एक्स हे अक्षर 'श' वाचायचं, म्हणून आदिलशहा त्यांच्या कागदांत 'इदालशा' होतो. शिवाजी महाराज 'सेवाजी'. हे जमलं की पानावर ओळखीची माणसं दिसू लागतात आणि धीर येतो.

पांडुरंग पिसुर्लेकरांचं काम वाचलं नसेल तर आजच सुरू करा. पणजीचं दप्तर त्यांनी सांभाळलं, मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही भाषांत लिहिलं. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढला. तळटीपा बघा, तुमच्या पुढच्या दहा वर्षांचं काम त्यांत आहे. गोव्याच्या अभिलेखागारात मोडी कागदही आहेत. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारी माणसं फार थोडी उरली आहेत. पूर्वी पोर्तुगीज सरकारात 'लींग्वा' म्हणजे सरकारी दुभाष्याचं पद होतं, आणि ते आपल्याकडच्या सारस्वत घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. ती जागा रिकामी आहे असं समजा.

तेरेखोलकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरीण आज्जी, चावीचं वाचून आईला हाक मारून सांगितलं. ती दिवसभर "चावी दी गो" म्हणत होती. साहित्याबद्दल मी घाईने लिहिलं, मागे घेते.

एक अडचण राहतेच. फी, रोजचं सावंतवाडी–पणजी येणं-जाणं, आणि बाबा. त्यांना "पुढे काय" याचं उत्तर हवंय, आणि ते देणं मला भाग आहे. कुणी या भाषेवर पोट भरतंय का?

लिस्बनहून वेंगुर्लेकर

भरतंय, पण खरं सांगतो, नुसत्या भाषेवर कठीण.

लिस्बन विद्यापीठाच्या परीक्षांपैकी ए२ ची 'सिप्ले' गोव्यातले खूप जण देतात, कारण नागरिकत्वासाठी ती चालते. नोकरीसाठी तिचा उपयोग नाही. 'दिप्ले', म्हणजे बी२, झाली तर पुढचं बोलणं सुरू होतं. ब्राझील, अंगोला, मोझांबिकशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना माणसं लागतात. पण बाबांना सांगण्यासारखी गोष्ट तुमच्या आजोळीच आहे. गोव्यात जमिनीची जुनी खतं, इन्व्हेंतारचे म्हणजे वारसांतल्या वाटण्यांचे कागद, कोमुनिदादीच्या म्हणजे गावाच्या सामाईक जमिनींच्या संस्थांच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि ते प्रश्न आजही कोर्टात येतात. वकिलांना जुनं हस्ताक्षर वाचून बिनचूक मराठी-इंग्रजी करून देणारं माणूस सहज मिळत नाही. माझ्या मामांनी एका खताचं भाषांतर मिळवायला आठ महिने वाट पाहिली होती.

बी.एड.ला विरोध करू नका. एक वर्ष मागून घ्या, तेवढंच. आणि कामोइंश संस्थेच्या शिष्यवृत्त्यांवर लक्ष ठेवा. इथे आलात की अभिलेखागारात पहिल्या दिवशी मी सोबत येईन.

तेरेखोलकाठची

बाबांशी काल बोलणं झालं. एक वर्ष मिळालं. आठवड्यातून तीन दिवस पणजीला वर्ग, मुक्काम म्हापशाला मावशीकडे, आणि एम.ए. इतिहासाचा अर्ज पुढच्या वर्षी. बाबा म्हणाले, पेटी इकडे आण, मलाही बघू दे.

आणली. सगळ्यात सुवाच्य कागद १८९४ चा निघाला. पहिली ओळ अशी लागली: 'साय्बां क्वांतुश एश्ता श्क्रितुरा द व्हेंदा व्हीरें…' शब्दकोश घेऊन बसले. माझा अर्थ: "हे खरेदीखत घेऊन जे कोणी येतील त्यांना कळावे." बरोबर आहे का?

पणजीची मास्तरीण

वा गं! ओळ बरोबर लावलीस, अर्थ एका शब्दाने चुकला. 'व्हीरें' हे रूप दोन क्रियापदांत सारखंच दिसतं, 'येणे' मध्ये आणि 'पाहणे' मध्ये. इथलं 'पाहणे'चं आहे, भविष्यातल्या शक्यतेचं रूप. तेव्हा: "हे खरेदीखत जे जे पाहतील त्यांना कळावे." खतांची ही ठरलेली सुरुवात, आपल्याकडच्या 'लिहून दिल्हे ऐसाजे' सारखी. यापुढे साल येईल, मग गाव, मग माणसांची नावं. पुढची ओळ टाक.