मदत हवी आहे: एअर पिस्तुलाची सवय, दोन्ही हातांची पकड आणि दुखरे कोपर

नमस्कार.

प्रॅक्टिकल शूटिंग, म्हणजे टायमर लावून, एका जागेवरून दुसऱ्या जागी धावत आणि आडोशांमागून नेम साधत खेळायची पिस्तूल नेमबाजी, मी गेली दोन वर्षे ह्यूस्टनजवळच्या एका रेंजवर खेळत आहे. त्याआधीची माझी सगळी नेमबाजी पुण्यातली. बालेवाडीच्या संकुलात २००३ ते २००७ अशी चार वर्षे मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळले. पुढे शिक्षण, नोकरी आणि संसारात खेळ सुटला, आणि ग्रीन कार्ड आल्यावर, चाळिशी ओलांडताना, पुन्हा पिस्तूल हाती घेतले. माझी अडचण या दोन खेळांच्या मधोमध अडकली आहे. आमच्या क्लबात एअर पिस्तूल खेळलेले कोणीच नसल्यामुळे ती तिथे नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

एअर पिस्तुलाने हाताला काय वळण लावले ते आधी सांगते. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, पिस्तूल एकाच हातात, दुसरा हात खिशात. अक्रोडाच्या लाकडाची मूठ पॉलिश पेपरने घासून आणि जिथे कमी पडेल तिथे लांबी (पुट्टी) भरून आपल्या तळहाताच्या मापाची करून घेतलेली. आमच्या वेळी मुलींना ४० छर्रे असत आणि त्यांसाठी सव्वा तास मिळे; दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे. माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) स्थिर वाटली नाही तर हात खाली घ्यायचा, श्वास सोडायचा आणि पुन्हा उचलायचा. पिस्तूल धरायचे, आवळायचे नाही, आणि तर्जनी अशी मागे आली पाहिजे की शेजारच्या बोटांना पत्ता लागू नये, हे आमच्या प्रशिक्षकांचे पालुपद होते.

आता माझ्याकडे रेड डॉट (छोट्या काचेत लाल ठिपका दाखवणारे नेमसाधन) बसवलेले नऊ मिलिमीटरचे सीझेड शॅडो २ पिस्तूल आहे आणि मी युएसपीएसए या अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेच्या कॅरी ऑप्टिक्स विभागात सी श्रेणीत खेळते. रिकामे असतानाच ते १३०० ग्रॅमहून जड आहे. या विभागात अशा पिस्तुलाचा घोडा (मागचा हातोडा) उतरवून सुरुवात करावी लागते, त्यामुळे पहिली गोळी डबल अॅक्शनची, म्हणजे लांब आणि जड ट्रिगरची. दुसरीपासून ट्रिगर आखूड आणि हलका होतो. माझ्या काट्यावर पहिला ओढा साडेतीन किलोंच्या आसपास भरतो. ज्या बोटाने अर्ध्या किलोवर आयुष्य काढले, त्याला हे म्हणजे विहिरीचा रहाट ओढल्यासारखे वाटते.

परवाच्या स्पर्धेत 'एल प्रेसिडेंटे' होता. लक्ष्यांकडे पाठ करून हात खांद्यांच्या वर ठेवायचे, बझर वाजला की वळून दहा यार्डांवरच्या तीन लक्ष्यांवर प्रत्येकी दोन गोळ्या झाडायच्या, मॅगझिन बदलायचे आणि पुन्हा प्रत्येकी दोन. मला बरोबर ८ सेकंद लागले. बारांपैकी आठ गोळ्या लक्ष्याच्या मधल्या 'ए' भागात, तीन त्याबाहेरच्या 'सी' आणि एक कडेच्या 'डी' भागात. आमच्या विभागात त्यांचे अनुक्रमे ५, ३ आणि १ गुण मिळतात, म्हणून एकूण ५०, भागिले ८, हिट फॅक्टर ६.२५. गुणांचे मला फारसे वाईट वाटले नाही. खटकली ती चुकलेल्या चार भोकांची जागा, कारण चारही डावीकडे खाली होती, आणि 'डी' ही होल्स्टरमधून पिस्तूल काढल्यावरची पहिलीच गोळी होती.

माझा पंजा लहान आहे. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका ओळीत ठेवून पिस्तूल धरले, तर डबल अॅक्शनच्या ट्रिगरपर्यंत तर्जनीचे फक्त टोक पोहोचते. नखाची कड आणि पोलाद यांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी त्वचा उरते. पहिले पेर पुरते टेकवायचे तर हात उजवीकडे सरकवावा लागतो, आणि मग पिस्तुलाची पाठ तळहातात न बसता अंगठ्याच्या सांध्यावर टेकते. त्या सांध्यावर आता कायमची लाल खूण आहे. दोष पिस्तुलाचा नाही, ते मोठ्या हाताला उत्तम बसते.

क्लबातल्या मंडळींचा सल्ला एकच: आणखी घट्ट धर. मी तीन महिने इमानेइतबारे घट्ट धरले, घरी स्प्रिंगच्या हँड ग्रिपरने व्यायामही केला, आणि परिणाम असा की उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखू लागले आहे. चहाचे पातेले सांडशीने उचलताना कळ येते. इथली हवा मे महिन्यातल्या मुंबईसारखी, त्यामुळे घामाने पकड सुटते ती वेगळीच; त्यावर खरखरीत ग्रिप टेप लावून पाहिली, तर अंगठा आणि तर्जनीमधली कातडी सोलून निघाली.

घरी रोज वीस मिनिटे ड्राय फायर, म्हणजे गोळीविना ट्रिगर ओढण्याचा सराव, करते. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घेते आणि काडतुसे त्या खोलीत नसतात. तिथे ट्रिगर ओढताना डॉट हलत नाही, अगदी डबल अॅक्शनलाही फारच थोडा हलतो. रेंजवर मात्र गोळ्या डावीकडे खाली जातात. आधी पिस्तुलाच्या मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बदलाव्यात की आधी पकड बदलावी? पहिल्या जड गोळीचा सराव नेमका कशा प्रकारे करावा? आणि कोपर दुखत असताना सराव चालू ठेवणे योग्य आहे का?

प्रतिसाद

ताई, मीही एअर पिस्तुलावरूनच इकडे आलो, आणि आपले प्रशिक्षक या खेळातही बरोबरच ठरतात, हे आधी सांगतो. उजवी तर्जनी स्वतंत्र चालली पाहिजे, हा नियम इथेही तोच आहे. फरक एवढाच की इथे गोळीचा धक्का आवरण्यासाठी बळ लागते, आणि ते आपण चुकीच्या हाताकडे मागत आहात. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भाता चालवतो, म्हणून उजवी बोटे पट्ट्यांवर मोकळी फिरतात. ती विभागणी इथे करा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने आणि अनामिकेने पिस्तूल सरळ मागे तळहातात ओढून धरायचे, हस्तांदोलनाच्या जोराने, त्याहून अधिक नाही. दोन्ही बाजूंनी दाबून आवळण्याचे काम डाव्या हाताचे. डाव्या तळहाताचा अंगठ्याखालचा मांसल भाग पिस्तुलाच्या डाव्या पट्टीवरच्या मोकळ्या जागेत पूर्ण बसला पाहिजे, डावी तर्जनी ट्रिगर गार्डला खालून घट्ट चिकटली पाहिजे आणि डावे मनगट पुढे, खालच्या बाजूला वळलेले असले पाहिजे. कोपरे ताठ करू नका.

आता डावीकडे खाली जाण्याविषयी. याला दोन वेगळी कारणे असतात आणि दोघांना सरसकट एकच नाव दिले जाते. एकात तर्जनीबरोबर सगळी मूठ आवळली जाते. दुसऱ्यात धक्का येणार हे मेंदूला माहीत असल्यामुळे गोळी सुटण्याच्या क्षणभर आधी मनगट खाली दाबले जाते. आपला डॉट घरी स्थिर राहतो, त्यावरून मला दुसऱ्या कारणाचा संशय आहे. रेंजवर कोणाला तरी मॅगझिनमध्ये दोन-तीन डमी (न पेटणारी) काडतुसे मिसळून भरायला सांगा, ती कुठे आहेत ते आपल्याला कळू देऊ नका, आणि डमीवर ट्रिगर ओढला जाईल तेव्हा डॉट काय करतो एवढेच पाहा.

पट्ट्या जरूर बदला, पण दोन्ही पातळ घेऊ नका. उजव्या हाताच्या नेमबाजाची तर्जनी उजव्या पट्टीवरून वळसा घेऊन ट्रिगरकडे जाते, म्हणून तेवढी उजवी पट्टी पातळ अॅल्युमिनियमची घ्या. डावी जाडसर राहू द्या, म्हणजे डाव्या तळहाताला भरीव काही मिळेल. पहिल्या गोळीसाठी हात पूर्ण पसरेपर्यंत थांबून मग ट्रिगर हिसकू नका. पिस्तूल लक्ष्याच्या रेषेत आले आणि नळीचे तोंड लक्ष्यावर आहे अशी खात्री झाली, की हात पुढे जात असतानाच ओढायला सुरुवात करायची, म्हणजे हात पोहोचतात तेव्हा शेवटचा थोडाच भाग उरतो. घरी हे टायमरशिवाय, अगदी संथपणे शंभर वेळा करून पाहा.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे बरोबर नाही, पण बाहेरच्या हाडाजवळची कळ आणि पातेले उचलतानाचे दुखणे ऐकून टेनिस एल्बोचा विचार मनात येतो. घट्ट मूठ वळताना मनगट मागे ताणून धरणारे स्नायू सतत काम करत असतात आणि त्यांचा कंडरा कोपराच्या त्याच हाडाला जोडलेला असतो. हँड ग्रिपर आजच बंद करा. त्याऐवजी पाचही बोटांभोवती रबर बँड घालून ती उघडण्याचा व्यायाम करा, आणि पुढचा हात टेबलावर, तळहात खाली असा टेकवून, अर्धा-एक किलोचे वजन दुसऱ्या हाताने वर नेऊन दुखऱ्या हाताने अगदी हळू खाली सोडा. ड्राय फायर पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत विभागा. करंगळीत मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर प्रत्यक्ष तपासणी लांबवू नका. कंडरा बरा व्हायला आठवडे लागतात, कधी महिनेही, तेव्हा एका रविवारच्या विश्रांतीवरून काही ठरवू नका.

प्रतिसाद

एक सावधगिरी. डबल अॅक्शन हलकी करण्यासाठी अनेकजण घोड्याची स्प्रिंग बदलतात. त्याने ट्रिगर खरोखर हलका होतो, पण कठीण प्रायमरची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या टोपीची) काडतुसे मग कधीकधी पेटत नाहीत. स्प्रिंग बदललीत तर ज्या काडतुसांनी स्पर्धा खेळायची आहे, त्यांच्याच दोन-तीनशे गोळ्या आधी सरावात झाडून पाहा. कोणताही भाग बदलण्यापूर्वी आपल्या विभागाचे चालू नियमही वाचून घ्या.

मूळ प्रश्नकर्तीकडून, सहा आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. डमीचा प्रयोग केला आणि स्वतःचीच लाज वाटली. पाचपैकी चार डमींवर डॉट चक्क काचेच्या खालच्या कडेबाहेर गेला, जणू मी पिस्तुलाने खिळा ठोकत होते. म्हणजे तीन महिने मी पकडीला दोष देत होते आणि चूक मनगटाची होती. आता दर सरावात पहिल्या पन्नास गोळ्यांत डमी मिसळलेल्या असतात. परवा पाचपैकी एकावरच डॉट घसरला.

उजवी पट्टी पातळ बसवली. तर्जनीच्या पेराचा निम्मा भाग आता ट्रिगरवर येतो आणि अंगठ्याच्या सांध्यावरची लाल खूण फिकट झाली आहे. स्प्रिंगला हात लावलेला नाही. टेप काढून टाकली आणि गिर्यारोहक वापरतात तो द्रवरूप खडू दर फेरीआधी तळहातांना लावते. वीसेक मिनिटे टिकतो. कोपर पूर्ण बरे नाही, पण पातेले उचलता येते. रबर बँडचा व्यायाम मी ऑफिसच्या कंटाळवाण्या बैठकांत टेबलाखाली उरकते.

आता एक नवीनच अडचण उभी राहिली आहे. डावा हात आवळू लागल्यापासून मॅगझिन रिकामे झाले तरी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे अडकत नाही, आणि मला ते पुढचा ट्रिगर ओढल्यावर, नुसती टिक ऐकू आल्यावर कळते. मागच्या स्पर्धेत यात दोनदा वेळ गेला. आधी असे कधीच होत नव्हते.

प्रतिसाद

आपला डावा अंगठा स्लाइड स्टॉपवर, म्हणजे स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर, टेकत असणार. अंगठा दाबून राहिला की रिकाम्या मॅगझिनला तो खटका वर उचलता येत नाही. डावा अंगठा इंचभर पुढे न्या आणि पिस्तुलाला टेकवू नका. तो हवेत राहिला तरी पकडीचे काही बिघडत नाही. रिकामे मॅगझिन घालून स्लाइड मागे ओढून पाहा, घरीच कळेल.