आईसाठी फ्रीज घ्यायचाय, शोरूमवाल्यांनी डोकं उठवलंय. कुठून घेऊ?

दिवेघाट_पार

नमस्कार मंडळी. आई सासवडला एकटी राहते. तिचा फ्रीज सतरा वर्षांचा, दाराचं रबर गेलंय, सकाळी खाली पाण्याचं थारोळं. नवा घ्यायचाय. आईच्या अटी दोनच: भाजीचा ट्रे मोठा हवा आणि रंग मरून. बजेट अठरा-वीस हजार.

शनिवारी पुण्यात तीन मोठ्या शोरूम पालथ्या घातल्या. पहिल्या ठिकाणी दारातच मोबाइल नंबर. "एंट्री केल्याशिवाय रेट दिसत नाही मॅडम." फ्रीजवर एमआरपीचं स्टिकर आहे, पण विकायचा भाव कुठेच लिहिलेला नाही. पोरगा कॅल्क्युलेटरवर आकडा दाबतो आणि काही न बोलता आपल्याकडे फिरवतो, जणू भाव तोंडाने सांगणं पाप आहे. मी "जास्त होतंय" म्हटलं की तोच कॅल्क्युलेटर आत मॅनेजरकडे जातो आणि पंधराशे कमी होऊन परत येतो. मग ते पंधराशे आधी का होते?

सिंगल डोअर मागितला तर म्हणे, "आता सिंगल डोअर कोण घेतं?" आणि मला २६० लिटरच्या डबल डोअरसमोर नेऊन उभं केलं. "जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या." भाव तीस हजार. शेवटी हळूच कळलं की हा भाव एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली तरच, आणि सासवड "हद्दीबाहेर" म्हणून डिलिव्हरीचे आठशे वेगळे. बाकीच्या दोन दुकानांत हेच, फक्त एसी जास्त थंड.

आता सांगा: डबल डोअर खरंच हवा का? ती वॉरंटी घ्यावी का? की सरळ पुण्यातली विजेच्या सामानाची तपकीर गल्ली गाठू? ऑनलाइनला आई तयार नाही, तिला हात लावून बघायचंय.

खडूस_काका

ताई, फ्रीज जिथे राहणार तिथल्या दुकानातून घ्या. सासवडला घ्या. पुण्याचा पोरगा सहा महिन्यांनी त्या दुकानात नसेल, सासवडचा दुकानदार आईला बाजारात भेटेल. त्याला तोंड दाखवायचं असतं.

आणि जीएसटीची थाप होती. २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही. फ्रीज आणि वॉशिंग मशीन जुलै २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. त्यांचा भाव त्या दिवशी करामुळे एक रुपयाही हलला नाही.

काउंटरच्या_पलीकडून

मी सात वर्षं अशाच एका शोरूममध्ये काढलीत (नाव विचारू नका), म्हणून लिहितो. तुम्हाला डबल डोअरपाशी नेणारा पोरगा बहुधा दुकानाचा नव्हताच. कंपनीचा प्रमोटर होता. पगार कंपनी देते, शर्ट दुकानाचा असतो. त्याला महिन्याचं टार्गेट एकाच ब्रँडचं, त्यातही ठरावीक मॉडेलचं. म्हणून शेजारच्या ब्रँडबद्दल विचारलं की तो "त्याचं सर्व्हिसिंग जरा..." म्हणून वाक्य अर्धं सोडतो. हे अर्धं वाक्य आम्हाला शिकवलेलं असायचं. पहिल्यांदा विचारायचं: तू दुकानाचा की कंपनीचा? लाजतात, पण सांगतात.

मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. तोच फ्रीज मोठ्या साखळीत एका नंबरने, ऑनलाइन दुसऱ्या नंबरने येतो, फरक कधी हँडलचा तर कधी दारावरच्या फुलांचा. मग "तिकडे स्वस्त आहे" म्हटलं की "ते मॉडेल वेगळं आहे मॅडम" हे उत्तर तयार.

वॉरंटी: फ्रीजवर दुकानाला फार सुटत नाही, वॉरंटीवर सुटतं. म्हणून भाव तिच्याशी बांधतात. मी विकल्यात, स्वतःच्या घरी एकही घेतली नाही.

पावती_जपणारी

+१. आमच्या वॉशिंग मशीनला तीन वर्षांची जादा वॉरंटी घेतली होती. ड्रमचं बेअरिंग गेलं तर उत्तर आलं, "वेअर अँड टिअर, कव्हर नाही." अटींचा कागद मागितला तर म्हणे मेलवर आहे. मेल कुठल्या आयडीवर? त्यांनाच माहीत. फ्रीजच्या बाबतीत तर "कॉम्प्रेसर कव्हर होतो" म्हणून विकतात, आणि बहुतेक कंपन्या कॉम्प्रेसरला स्वतःच दहा वर्षं देतात! मात्र त्या दहा वर्षांत गॅस भरणं आणि मजुरी बऱ्याचदा धरलेली नसते, तेवढं कार्ड वाचून घ्या.

हप्त्यांचा_हिशोबनीस

तीस हजार म्हटल्यावर नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते, पुढे केलंच असेल? बँकेत आहे म्हणून सांगतो. व्याज शून्य नसतं, तेवढी सूट आधी दाखवून मग व्याज लावतात. समजा ३० हजार, ९ हप्ते, १६ टक्के. व्याज साधारण दोन हजार. ते त्या सवलतीत वळतं झालं, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६० रुपये, तुमच्या कार्डावर येतात. प्रोसेसिंग फी १९९ अधिक जीएसटी धरली तर सहाशेच्या आसपास गेले. आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला नाही, ती वेगळीच.

दिवेघाट_पार

@हिशोबनीस पुढे केलं तर! पॅन कार्डपण मागत होता. बरं, पाच स्टार घ्यावा का तीन? मी बघितलेल्या दोन सिंगल डोअरमध्ये साडेतीन हजारांचा फरक आहे.

खडूस_काका

तारे मोजू नका, लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते वाचा. दोन्हींत फरक किती?

दिवेघाट_पार

फोटो काढलेत. ४० युनिटचा.

खडूस_काका

युनिटला नऊ-दहा रुपये धरले तरी वर्षाला चारशे. साडेतीन हजार फिटायला नऊ वर्षं. मी तीनवालाच घेईन. लेबलवरचा कालावधीही बघा. हे तारे देणारी सरकारी संस्था, बीईई, मधूनमधून निकष कडक करते, मग कालचा पाच स्टार आज चार किंवा तीन होतो. जुन्या लेबलचा पाच आणि नव्याचा चार यांची तुलना डोळे झाकून करू नका.

आणि एकट्या माणसाला २६० लिटर कशाला? सासवडला लाईट जाते ना? डायरेक्ट कूल सिंगल डोअर घ्या, १९० लिटरच्या आसपास. वीज कमी खातो, बिघडायला आत फारसं काही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी डीफ्रॉस्ट करावा, म्हणजे साठलेला बर्फ वितळवावा लागतो इतकंच, आणि आपल्या आयांना ते काम आवडतं असा माझा अनुभव आहे.

तपकीर_गल्लीकर

गल्लीत भाव तुटतो, खोटं नाही. पण तिथे वायर, पंखे, मिक्सर, सुटे भाग घ्यावेत. फ्रीज घेऊन सासवडच्या वाटेवरचा दिवे घाट चढायचा म्हणजे टेंपो, हमाल आणि वर पोचल्यावर "खरचटलं कुठे" यावर भांडण. काका म्हणतात तेच खरं.

डिलिव्हरीच्या वेळी घाई करतील. खोका उघडल्याशिवाय चलनावर सही नको. चिकटपट्टी दोनदा लावलेली दिसली की समजायचं, शोरूममध्ये उभा होता. मागचा सिरियल नंबर बिलाशी जुळवा.

पावती_जपणारी

आणि बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलंय म्हणून गप्प बसू नका. माल सदोष असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा. त्याने हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत जायचं.

दिवेघाट_पार

अपडेट. सासवडमध्येच घेतला, स्टँडजवळच्या दुकानातून. १९० लिटर, तीन स्टार, १७,२००. दुकानदाराने आईला आधी खुर्ची दिली, मग ट्रे बाहेर काढून हातात दिला. त्यात मेथीची जुडी बसेल का हे आईने पिशवीतली जुडी ठेवून बघितलं. भाव कागदावर लिहून दिला. वॉरंटीचं नाव काढलं नाही, मीच विचारलं तर म्हणाला, "मी आहे की." जुना फ्रीज बाराशेला घेतला, पुण्यात हजार म्हणत होते.

तक्रार एकच. वायरमन न आल्यामुळे प्लग पॉइंट अजून जुन्या जागी आहे, त्यामुळे फ्रीज देवघरासमोर आलाय. आणि मरून रंग सिंगल डोअरमध्ये होता, पण त्यावर मोठाली फुलं. आईने निळा निवडला.

@तपकीर_गल्लीकर, चिकटपट्टी एकदाच लावलेली होती. तपासली.