व्हिसा आला म्हणजे सगळं झालं असं नाही

राजापूरच्या काकांनी विचारलंय, व्हिसा हातात असताना परदेशी नोकरीला निघालेल्या मुलाला विमानतळावर कोण कशाला अडवेल? काका, आधी पासपोर्ट उघडून 'ईसीआर' (म्हणजे नोकरीला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) छापलंय का बघा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ते असतं. मग सौदी, कुवेतसारख्या देशांत नोकरीला जायला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी लागते, नाहीतर विमानतळावरच अडवतात. ती ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर मिळते, एजंटाची नोंदणीही तिथेच तपासा.

आणि व्हिसा 'व्हिजिट'चा आहे की 'एम्प्लॉयमेंट'चा, हे स्वतः वाचा. माझ्या चुलतभावाने वाचलं नाही. आईच्या पाटल्या मोडून दुबईला गेला, तर कागदावर 'व्हिजिट'! त्यावर काम करणं तिथे गुन्हा. पोरगा दिवसभर खोलीत दडून बसायचा, फोनवरसुद्धा हळू बोलायचा. काका, तिकीट काढायच्या आधी एवढं कराच.