सल्ला हवा: एआयची मूळ तत्त्वं शिकायला सुरुवात कुठून करू?

तापीकाठची (अमळनेर)
बी.एस्सी. संगणकशास्त्र, दुसरं वर्ष. पायथन बऱ्यापैकी येतं, गणित बारावीपर्यंतचं. यूट्यूबवर बघून मॉडेल चालवलं, पण ते तसं उत्तर का देतं हे कळत नाही. पुण्याला क्लास लावणं घरच्यांना झेपणार नाही. काय वाचू, काय बघू?

खान्देशी मास्तर (जळगाव)
ताई, न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी मॉडेलं) तूर्त बाजूला ठेव. आधी सर्च, म्हणजे अनेक पर्यायांतून उत्तर शोधायच्या पद्धती शीक, आणि तेही वहीवर.

चोपडा, अमळनेर, एरंडोल, पारोळा, जळगाव, धुळे ही गावं कागदावर मांड, मधले रस्ते काढून किलोमीटर लिही. आता चोपड्याहून धुळ्याचा जवळचा रस्ता शोध. आधी ब्रेड्थ-फर्स्ट (जवळची सगळी गावं आधी बघत बाहेर सरकायचं), मग डेप्थ-फर्स्ट (एकच वाट शेवटपर्यंत धरायची, अडलं की मागे यायचं). दोन्हींत कोणती गावं उगाच तपासली जातात त्यावर खूण कर. मग ए-स्टारकडे ये. हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी १९६८ साली मांडलेली ही पद्धत आहे. आतापर्यंत कापलेलं अंतर अधिक उरलेल्या अंतराचा अंदाज, अशी बेरीज करायची आणि ज्या गावाची बेरीज सर्वांत कमी ते आधी उघडायचं, म्हणजे तिथून पुढची गावं बघायची. अंदाज म्हणून सरळ रेषेतलं अंतर घे. रस्ता त्याहून कमी असूच शकत नाही, त्यामुळे अंदाज कधी जास्तीचा होत नाही, आणि मिळालेला रस्ता सर्वांत जवळचाच असतो. हे 'का' हाताने पटलं की पुढचं सोपं जातं.

त्यानंतर फुली-गोळ्यावर मिनीमॅक्स (समोरचा सर्वोत्तम चाल खेळेल असं धरून आपली चाल निवडणं), मग बेजचा नियम (नवा पुरावा मिळाल्यावर संभाव्यता कशी बदलते ते), आणि शेवटी मशीन लर्निंग.

एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सची साइट) आयआयटी मद्रासचा, दीपक खेमानी सरांचा सर्चवरचा कोर्स आहे. बघायला फुकट, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. लायब्ररीत रसेल-नॉर्विग यांचं एआयचं पाठ्यपुस्तक मिळालं तर सर्चवरचं तिसरं प्रकरण काढ. सगळं पुस्तक आत्ताच वाचायला जाऊ नकोस, फार जाड आहे.

सातपुड्याखाली (शहादा)
मास्तरांशी सहमत, फक्त मॅट्रिक्स आणि संभाव्यता सोबतच सुरू कर. नंतर करू म्हटलं की राहून जातं. हार्वर्डचा सीएस-फिफ्टीचा एआय कोर्सही फुकट आहे, पायथनमध्येच आहे, आणि त्याची सुरुवातही सर्चपासूनच होते.

केळीवाला (रावेर)
मी केळीच्या पानांच्या फोटोंवरून करपा ओळखायचं काम करतो. मशीन लर्निंगला आलीस की मॉडेल तपासायचं कसं हे नीट शीक. शंभरात पंच्याण्णव पानं निरोगी असतील, तर डोळे मिटून 'निरोगी' म्हणणारं मॉडेलही ९५ टक्के बरोबर ठरतं आणि करप्याचं एकही पान पकडत नाही. म्हणून रोगट पानांपैकी किती सापडली ते वेगळं मोज. दुसरं, एकाच झाडाचे फोटो शिकवायलाही आणि तपासायलाही वापरू नकोस. मॉडेल झाड ओळखायला लागतं, रोग नाही. मी तर तपासणीसाठी अख्खा वेगळा मळा ठेवतो.

तापीकाठची (अमळनेर)
खूप आभार सगळ्यांचे. मास्तर, कोर्स इंग्रजीत आहे. वेग झेपेल का?

खान्देशी मास्तर (जळगाव)
झेपेल. व्हिडिओ थांबवत बघ, टिपणं मराठीत काढ, पण संज्ञा इंग्रजीच ठेव, परीक्षेत त्याच लागतात. अल्गोरिदम आधी हाताने सोडव, मगच कोड लिही. गावांचा नकाशा झाला की इथे टाक, ए-स्टारचा क्रम मी तपासून देतो.