पहिला सर्फबोर्ड घ्यायचाय, बजेट १५ हजार, राहते खारघरला

खारघरची_मासोळी:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत कर्नाटकातल्या मुलकीला जाऊन सर्फिंग शिकले आणि आता ऑफिसात बसल्या बसल्यासुद्धा तेच डोक्यात. फुटून आलेल्या फेसावर उभं राहता येतं, न फुटलेली लाट अजून पकडता येत नाही. वजन ६८ किलो, पोहायला येतं. ऑनलाइन एक सेकंडहँड फायबरचा बोर्ड दिसलाय, ६ फूट २ इंच, विकणारा सानपाड्याचा, १२ हजार म्हणतोय. दिसायला एकदम भारी, शिवाय छोटा म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पण मावेल. घेऊन टाकू का?

घोडबंदर_वरून:
नको ताई. मुलकीला तुला जो बोर्ड दिला असेल तो आठ-नऊ फुटी फोमचा असणार, आणि तू उभी राहिलीस त्यात अर्धं श्रेय त्याचं होतं, राग नको मानूस.
बोर्ड घेताना लांबीच्याही आधी लिटर बघायचे, म्हणजे बोर्डाचा आकार किती जागा व्यापतो ते, बऱ्याच बोर्डांवर खाली पेनाने किंवा छापून लिहिलेलं असतं. सहा फुटी बारीक शॉर्टबोर्ड साधारण ३० लिटरच्या आसपास असतो. शिकणाऱ्याला निदान जितके किलो तितके लिटर तरी लागतात, जास्त असले तर उत्तमच, म्हणजे तुला ७० च्या पुढचा. कारण असं की लाट तुला उचलायच्या आधी तुला हातांनी वल्हवत वेग घ्यावा लागतो, आणि ३० लिटरवर तू झोपलीस की बोर्ड तुझ्यासकट निम्मा पाण्याखाली, मग कितीही हात मार, लाट खालून निघून जाते. आठ फुटी सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा) घे, रुंदी २२ इंच किंवा जास्त, जाडी ३ इंचाच्या वर. डोक्यात बसला तरी टेंगळावर भागतं बहुतेक वेळा. फायबरची धार लागली तर टाके.

पामबीच_बाईकर:
काय राव, सगळ्यांना फोमच चिकटवता. माझा मित्र गोव्यात सहा फुटीवरच शिकला. जरा त्रास होतो मग येतं.

घोडबंदर_वरून:
@पामबीच_बाईकर मित्र गोव्यातच राहतो ना? रोज पाण्यात असणाऱ्याचं जमतं. खारघरहून सुट्टी काढून जाणाऱ्या माणसाने त्यातली अर्धी सुट्टी बोर्डखाली घालवायची का?

रोहा_पॅसेंजर:
बोर्ड कुठला ते नंतर, आधी तो नेणार कसा ते बोला. ठाण्याच्या खाडीत लाट नाही, सर्फिंगसाठी लांबच जावं लागणार. मत्स्यगंधा दुपारी ठाणे-पनवेलला पकडली की सकाळी मुलकी, प्रवास मस्तच आहे, पण रेल्वेच्या नियमाने डब्यात न्यायची पेटी १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटरपेक्षा मोठी चालत नाही, त्याहून मोठं सामान ब्रेकव्हॅनला, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करायचं. आठ फूट म्हणजे २४४ सेंटीमीटर. आणि ब्रेकव्हॅनमध्ये बोर्डवर कोणी आंब्याची पेटी टेकवली की संपलं. गाडीच्या टपावर बांधून नेता येतो, पण मग मुंबई-गोवा हायवे, त्याबद्दल मी काही बोलत नाही.
वर जून ते सप्टेंबर आपल्या बाजूचा समुद्र खवळलेला, नवशिक्याने जायचंच नाही, म्हणजे चार महिने बोर्ड बेडरूममध्ये. (तेव्हा चेन्नईजवळच्या कोवलमला जाता येतं, पण तिथे कोण बोर्ड घेऊन जाणार.)
माझं मत, वर्षभर भाड्याच्या बोर्डावर काढ, हे १५ हजार तिकीट आणि राहण्यात घाल. जास्त वेळा पाण्यात जाशील तर लवकर शिकशील. आणि किनाऱ्यावर ओळखीचं कोणी बोर्ड ठेवून घेणारं मिळालं तर मग खुशाल विकत घे.

खारघरची_मासोळी:
बाप रे, ब्रेकव्हॅनचा विचारच नव्हता केला 😅 मुलकीला जिथे राहिलो त्या काकूंच्या पडवीत जागा आहे, विचारून बघते. त्या हो म्हणाल्या तर जुना सॉफ्टटॉप शोधेन. जुना घेताना काय बघायचं?

घोडबंदर_वरून:
पडवी असेल तर मग घेच. उचलून बघ, लांबीच्या मानाने फार जड वाटला तर आत पाणी गेलंय, सोडून दे. वरचा फोम अंगठ्याने दाबत जा, फुगा आल्यासारखा कुठे सुटलाय का बघ, खालचं प्लास्टिक कडेने उकललंय का तेही. फिन (खालचे पंख) जिथे बसतात आणि पायाला अडकवायची दोरी जिथे बांधतात तिथे चीर नको. फिन सोबत आहेत का विचार, नाहीतर त्या मापाच्या शोधत बसशील. वरचा रंग उडालाय, ओरखडे आहेत, त्याने काही होत नाही, उलट भाव पाडायला बरं.
पुढेमागे फायबरचा घेतलास आणि तो इपॉक्सीचा असेल तर दुरुस्तीला हार्डवेअरच्या दुकानातलं साधं पॉलिस्टर रेझिन लावू नकोस, आतला थर्माकोल विरघळतो.

रोहा_पॅसेंजर:
काकूंना सांग उन्हात ठेवायचा नाही. आणि दोरी मात्र नवीनच घे, बोर्डाएवढी लांब. जुनी तुटली तर बोर्ड एकटाच किनाऱ्याला जातो, आणि मागे तू पोहत.