कर्नलचं अपडेट: लगेच रीबूट, की चालतंय तोवर हात लावायचा नाही?

नारायणपेठी
गेल्या आठवड्यात एका पतसंस्थेचा सर्व्हर बघायला गेलो होतो. अपटाइम, म्हणजे बंद न पडता सलग चालू, ६११ दिवस. तिथले काका कौतुकाने म्हणाले, "एकदाही बंद पडलेला नाही." अपडेट्सही नेमाने होतात, दर शनिवारी, रजिस्टरवर सहीसकट. चालू कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती दाखवणारी 'यूनेम -आर' ही कमांड मारली, तर मेमरीत पावणेदोन वर्षांपूर्वीचंच कर्नल चालू! बूट फोल्डरमध्ये नव्या कर्नलांची रांग लागलेली, पण नवं कर्नल रीबूट केल्यावरच लागू होतं, आणि मशीन रीबूट कुणी केलंच नाही. म्हणजे इतक्या शनिवारच्या सह्या निव्वळ कागदावर.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. कर्नलची सुरक्षा दुरुस्ती आली की सात दिवसांच्या आत रीबूट झालाच पाहिजे. लिनक्सचा सोर्स उघडा असतो, त्यामुळे दुरुस्ती जाहीर झाली की भोक नेमकं कुठे होतं तेही जाहीर होतं. जानेवारी २०२४ मध्ये नेटफिल्टरमधली (कर्नलच्या फायरवॉलच्या भागातली) एक त्रुटी दुरुस्त झाली, सीव्हीई क्रमांक २०२४-१०८६. मार्चअखेर ती वापरून थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळवणारा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. मे महिन्यात अमेरिकेच्या 'सिसा' या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. आणि आपल्या काकांचा सर्व्हर अजून ६११ दिवस मोजतोय.

भोसरीकर
दादा, पतसंस्था रविवारी बंद असते, तिथे हे जमेल. आमच्या एमआयडीसीत या. आमचा एक लिनक्स सर्व्हर आठ सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कटिंगच्या) मशिनींना प्रोग्रॅम पाठवतो. त्यात मशिनींच्या केबल जोडायचं सिरियल पोर्टचं कार्ड आहे, आणि त्याचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलसोबत येत नाही, कार्डवाल्याने वेगळा दिलाय. एकदा रात्री कर्नल अपडेट करून रीबूट केला. सकाळी सातला फर्स्ट शिफ्ट आली तर कार्ड दिसेना. चकमध्ये जॉब धरलेला, ऑपरेटर हाताची घडी घालून उभा, आणि मी ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी परत बनवत (कंपाइल करत) बसलेलो. दुपारी अडीचला मशिनी सुरू झाल्या. माल उशिरा गेला, ग्राहकाने पैसे कापले.

तेव्हापासून नियम केलाय: वर्षातून एकदा, खंडेनवमीला. मशिनी पुसून पूजेला बंदच असतात, त्याच दिवशी अपडेट.

कर्वेनगरची
खंडेनवमी ते खंडेनवमी म्हणजे पूर्ण वर्ष उघडं दार. मी कॉलेजची लॅब सांभाळते, एका सर्व्हरवर साठेक मुलांची खाती आहेत. 'डर्टी पाइप' ही कर्नलची त्रुटी आठवतेय? मॅक्स केलरमान या प्रोग्रॅमरकडे लॉगच्या झिप फायली अधूनमधून खराब निघत होत्या. कारण शोधत ते कर्नलपर्यंत पोचले. जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे तिच्यात साध्या युजरला लिहिता येत होतं, म्हणजे पासवर्डच्या फायलीतसुद्धा. दुरुस्त कर्नल २३ फेब्रुवारी २०२२ ला आली, माहिती ७ मार्चला जाहीर झाली. त्या बारा दिवसांत ज्यांनी ते चढवून रीबूट केला ते सुटले. आमच्या सर्व्हरचा रीबूट तेव्हा सबमिशन चालू आहे म्हणून लांबवला होता. जाहीर झालं त्या दिवशी मी सगळ्यांची खाती बंद करून आधी रीबूट केला, मुलांची बोलणी खाल्ली.

भोसरीकर
ताई, तुमच्याकडे साठ मुलं लॉगिन करतात. माझ्याकडे मी आणि एक सुपरवायझर. यातल्या बहुतेक त्रुटी 'लोकल' असतात, आधी आत यावं लागतं.

शिवाय अपडेटच घात करतं त्याचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन या लिनक्सची १२.३ आवृत्ती ऐन वेळी थांबवावी लागली, कारण त्यातल्या कर्नलमुळे ईएक्सटी-फोर पद्धतीच्या डिस्कवरचा डेटा खराब होण्याचा धोका होता. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने ८५ लाख विंडोज मशिनी आडव्या झाल्या, विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तुमच्या सात दिवसांवाल्यांचं तेव्हा काय झालं?

औंधकर
आणि कॉसमॉस बँक विसरलात? २०१८, हल्लेखोरांनी ९४ कोटी लुटले. आपल्या पुण्यातच.

नारायणपेठी
औंधकर, तो प्रकार इथे नको. तिथे एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या (स्विचच्या) जागी बनावट स्विच उभा करून व्यवहार मंजूर केले गेले. कर्नल अपडेट केलं असतं तर वाचले असते, असं म्हणायला आधार नाही.

भोसरीकर, डेबियनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. क्राउडस्ट्राइकचा अर्धा. ती कर्नलची दुरुस्ती नव्हती, त्यांच्या कर्नल ड्रायव्हरने वाचलेली एक सदोष फाइल होती. त्यातून शिकायचं ते एवढंच की सगळ्या मशिनींवर एकदम टाकू नका. आधी एकावर, दोन दिवस बघा, मग बाकीच्यांवर. म्हणूनच मी सात दिवस म्हणतो, सात तास नाही.

'लोकल' या शब्दावर मात्र विसंबू नका. हल्ला एका उडीत होत नाही. सुपरवायझरचा सोपा पासवर्ड किंवा एखादं जुनं वेब पॅनेल, तिथून साधा युजर म्हणून आत शिरतात. तिथेच अडले तर नुकसान थोडं. कर्नल जुनं असेल तर तोच रूट होतो, मग लॉग पुसणं, बॅकअप उडवणं, सगळं त्याच्या हातात. आणि अशी भोकं वर्षानुवर्षं राहतात: 'डर्टी काऊ' ही अशीच रूट देणारी त्रुटी २००७ पासून कर्नलमध्ये होती आणि २०१६ मध्ये दुरुस्त झाली.

हिंजवडी फेज दोन
लाइव्ह पॅचिंगबद्दल, म्हणजे मशीन चालू असतानाच दुरुस्ती लावण्याबद्दल, कुणीच बोललं नाही. २०१५ मध्ये आवृत्ती ४.० पासून त्याचा पाया मूळ कर्नलमध्येच आहे. चालू कर्नलमधलं सदोष फंक्शन बाजूला ठेवून कॉल नव्या फंक्शनकडे वळवतात, रीबूट लागत नाही. पण प्रत्येक दुरुस्ती त्यात बसत नाही, डेटाची रचनाच बदलली की अवघड होतं. वेळ मिळतो, रीबूट टळत नाही.

आणखी एक, निव्वळ आवृत्तीचा आकडा बघून घाबरू नका. डिस्ट्रो (डेबियनसारखे लिनक्स बांधून देणारे) जुन्याच आकड्याच्या कर्नलमध्ये दुरुस्ती मागे आणून घालतात. त्यांच्या सुरक्षा पानावर त्रुटीचा क्रमांक शोधायचा.

भोसरीकर
काल गुरुवार, आमच्याकडे सुट्टी. तुमचं सगळं वाचून धाडस केलं. आधी डिस्कची पूर्ण प्रत घेतली, जुनं कर्नल ग्रबमध्ये (सुरू होताना कर्नल निवडायच्या यादीत) राहू दिलं. नवं चढवलं, रीबूट केला. ड्रायव्हर परत कंपाइल होईना. कर्नलमधलं एक फंक्शन बदललंय आणि कार्डवाल्याचा कोड २०१९ चा. जुन्यावर परत आलो, दहा मिनिटांत मशिनी चालू. त्यामुळे माझं मत तेच आहे, आंधळेपणाने अपडेट करणार नाही. पण रीबूटची जी भीती होती ती गेली, हे खरं.

नारायणपेठी
दहा मिनिटांत परत आलात, हेच मला हवं होतं. तोवर दोन गोष्टी करा. साध्या युजरना नेमस्पेस (स्वतःपुरता वेगळा कप्पा, जिथे साधा युजरही रूटसारखा वागतो) उघडायची मुभा बंद करा, नेटफिल्टरवाल्या त्या हल्ल्याला तीच लागते. आणि तो सर्व्हर ऑफिसच्या वायफायवरून काढा, फक्त मशिनींच्या स्विचवर ठेवा.

भोसरीकर
वायफायवरून आत्ताच काढला. नेमस्पेसचं संध्याकाळी बघतो. कार्डवाल्याला मेल टाकलाय, नव्या कर्नलचा ड्रायव्हर देणार का, हो की नाही ते लेखी कळवा म्हणून. नाही म्हणाला तर कार्ड बदलायचं, मालकांशी बोललोय.