टीव्ही १० महिन्यांत तिसऱ्यांदा बंद, सर्व्हिसवाले म्हणतात ‘लिक्विड डॅमेज’. बदलून मिळेल का?

वेसावकरीण
नमस्कार. जरा मदत हवीय. २०२५ च्या पाडव्याला ४३ इंचाचा एलईडी टीव्ही घेतला, ३१,४९० रुपये, एक वर्ष वॉरंटी. जुलैत पहिल्यांदा चित्र गेलं, आवाज चालू पण पडदा काळा. टेक्निशियन आला, मागचं काहीतरी बदलून गेला. ऑक्टोबरात परत तेच, परत दुरुस्त केला. आता जानेवारीत तिसऱ्यांदा. यावेळी दुसराच मुलगा आला, मागचं कव्हर उघडलं आणि म्हणाला आत गंज आहे, पाणी गेलंय, लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही, पॅनल बदलायचे १९ हजार होतील. पाणी कुठून जाणार? टीव्ही भिंतीवर आहे, वर एसी नाही, भिंतीला ओल नाही. आम्ही वेसाव्यात राहतो, समुद्र दोनशे पावलांवर, आमच्याकडे खिडकीच्या कड्यासुद्धा गंजतात.

मला राग टीव्हीपेक्षा याचा येतोय की सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना ऐकू अगदीच कमी येतं. त्या सह्याद्रीच्या बातम्या आणि मालिका तोंडं बघून, खालच्या पट्ट्या वाचून बघतात. नुसता आवाज चालू असलेल्या टीव्हीचा त्यांना काहीच उपयोग नाही, चार दिवस झाले त्या खिडकीत बसून आहेत. काय करू, भांडू की सरळ नवीन घेऊ?

चेंबूर७१
ताई मी दोन वर्षांपूर्वी याच फेऱ्यात अडकलो होतो, सहा महिने फोन करत बसलो, शेवटी भंगारवाल्याला दिला आणि नवीन आणला. घरात म्हातारं माणूस असेल तर आधी टीव्ही आणा, भांडण मागाहून करा. आणि सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तुमच्या किमतीच्या सेटवर सव्वादोन-अडीच हजार वाचतात.

सोल्डरगन
थांबा, घाईने काही देऊन टाकू नका. मी १८ वर्षं टीव्ही दुरुस्तीत आहे, माल लॅमिंग्टन रोडवरूनच आणतो, रोज हेच बघतो.

आधी एक करा. खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही चालू करा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याला अगदी जवळ, तिरका धरा. आत पुसट माणसं हलताना दिसली तर पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी पुढची काच, जिवंत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. एलईडी टीव्ही म्हणजे पुढे एलसीडी काच आणि मागे छोट्या दिव्यांच्या पट्ट्या. पट्टीतले दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक उडाला की ती अख्खी ओळ बंद, मग त्या दिव्यांना करंट देणारं ड्रायव्हर सर्किट स्वतःला वाचवायला सगळाच उजेड बंद करतं. आवाजाचा याच्याशी संबंध नाही म्हणून आवाज येत राहतो. तुमचा फॉल्ट तिन्ही वेळा एकच आहे, म्हणजे बहुतेक बॅकलाइट किंवा त्याचा ड्रायव्हर. पट्ट्या बदलणं हा पॅनलच्या मानाने फारच छोटा खर्च असतो. पॅनलला १९ हजार सांगतात कारण काचेला चित्राचे सिग्नल नेणाऱ्या पातळ रिबन कारखान्यातच चिकटवलेल्या असतात, ती पूर्णच बदलावी लागते.

आता गंजाबद्दल. पाणी खरंच गेलं असेल तर ओघळाचा माग दिसतो, एका बाजूने खाली आलेला, वाळून पांढरा किंवा तपकिरी डाग राहिलेला. बऱ्याच घरांत स्प्रे मारून पडदा पुसतात, ते पाणी खालच्या कडेत उतरतं आणि रिबन जळतात, ते खरं लिक्विड डॅमेज. खाऱ्या हवेचा गंज वेगळा. तो सगळीकडे सारखा असतो, स्क्रूची डोकी, पत्रा, कनेक्टरच्या पिना, सगळ्यांवर थोडा थोडा. हवेतलं मीठ बोर्डावर बसतं आणि दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते मीठच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, त्यातून करंट गळतो. पावसाळ्यात मुंबईत किती दिवस ७५ च्या वर असतं ते तुम्हाला माहीतच आहे. वेसावे, माहीम, वरळी कोळीवाडा इथून असे सेट येतात माझ्याकडे. मुंबईत विकलेला टीव्ही मुंबईच्या हवेत दहा महिने टिकत नसेल तर ते घरातल्या माणसाने पाणी सांडलं म्हणून नाही, हे मी छातीठोक सांगतो.

स्वतः कव्हर उघडू नका, आतल्या पॉवर बोर्डात बंद केल्यावरही चार्ज राहतो, आणि बाहेरच्याने उघडलं म्हणून वॉरंटी नाकारतील ते वेगळंच.

वेसावकरीण
आत्ताच केलं टॉर्चचं! पुसट दिसतंय, बाई बोलतेय ते कळतं. पण मी जॉबशीटवर सही करून बसलेय हो, त्यावर लिक्विड डॅमेज लिहिलंय.

पार्ले_पूर्व
ताई सहीने सगळं संपत नाही. ती बहुतेक वेळा टेक्निशियन येऊन गेल्याची सही असते. पण आजच कंपनीच्या सर्व्हिसला ईमेल करा, फोन नको, की हे निदान मला मान्य नाही, जुलै आणि ऑक्टोबरला तुमच्याच माणसाने कव्हर उघडलं तेव्हा पाण्याचा एकही उल्लेख नाही, त्या दोन्ही जॉबशीट जोडत आहे. हा तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. आतले फोटो मागा, वरच्या टेक्निशियनची लेखी तपासणी मागा. दुकानदारालाही तोच ईमेल ठेवा, बिल त्याचं आहे.

एक गैरसमज काढते, तीनदा दुरुस्त झालं की चौथ्यांदा बदलूनच द्यावं लागतं असा कायद्यात नियम नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. पण तोच दोष परत परत येतोय हे कागदावर दिसलं की ग्राहक आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत, शिवाय भरपाई, यातलं काहीही देऊ शकतो. गरज पडली तर वस्तू लॅबमध्येही पाठवतात. म्हणून तिन्ही जॉबशीट, बिल, टीव्हीमागच्या सिरीयल नंबरचा फोटो आणि टॉर्चचा व्हिडिओ आजच्या आज ठेवा.

पायरी म्हणाल तर पहिली १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलतात. ते आदेश देत नाहीत, पण तक्रार थेट कंपनीकडे जाते आणि तिथून उत्तर मागवलं जातं, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा आयोग. २०१९ च्या कायद्यात मोठी सोय ही की तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्याही राज्यात असो. उपनगरासाठी वांद्र्याला. ५ लाखांपर्यंत फी शून्य, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं, मुदत २ वर्षं. मसुदा लिहायला भीती वाटत असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीत जा, कूपर हॉस्पिटलच्या मागे ग्राहक भवन आहे, तुम्हाला जवळच पडेल. १९७५ पासून हेच काम करतात ती माणसं. माझ्या वडिलांच्या वेळी त्यांनी अर्ध्या तासात अख्खं पत्र सरळ करून दिलं होतं, मी ते विसरणार नाही.

आणि पैसे परत देतो म्हणाले तर बिलाची पूर्ण रक्कम मागा, आजचा भाव नाही.

चेंबूर७१
पार्ले ताई, हे मला तेव्हा माहीत असतं तर. पण सासूबाईंचं काय, तोपर्यंत?

पार्ले_पूर्व
शेजारीपाजारी कोणाकडे जुना २४-३२ इंची पडून असेल तर मागून आणा, सेट टॉप बॉक्सला लावला की झालं. हा टीव्ही मात्र विकू नका, एक्सचेंजला देऊ नका, तो तुमचा पुरावा आहे.

वेसावकरीण
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. ईमेल केला, उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी १९१५ ला तक्रार टाकली, टॉर्चचा व्हिडिओ जोडला. नंतर कंपनीतून फोन, एक वयस्कर टेक्निशियन आले, त्यांनी शांतपणे उघडून दाखवलं, ओघळ कुठेच नाही, दोन पट्ट्या गेलेल्या. आधीची शीट रद्द करून ‘बॅकलाइट, वारंवार’ असं लिहिलं. मग त्याच साईजचा दुसरा मॉडेल देतो म्हणाले, मी म्हटलं वॉरंटी किती ते लेखी द्या तरच जुना उचला. नव्याने एक वर्ष दिलं, ईमेलवर आलं. परवा बसवला. मधले दिवस नणंदेकडचा छोटा टीव्ही आणला होता.

सोल्डरगन दादा, आता हा टिकवायला काय करू?

सोल्डरगन
वा, ऐकून फार बरं वाटलं. सेटिंगमध्ये बॅकलाइट असा वेगळा आकडा असतो, ब्राइटनेस नाही, तो बऱ्याचदा कारखान्यातून १०० वर येतो, ५०-६० वर आणा, पट्ट्या कमी तापतात. समुद्राच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. पावसाळ्यात घर बंद करून गावाला जाऊ नका असं कसं सांगू, पण आल्यावर लगेच चालू करू नका, पंखा लावून खोली आधी कोरडी होऊ द्या. रोज तास-दोन तास चालला की आतली ऊब ओल धरू देत नाही, आजी ते काम करतीलच. पडदा कोरड्या मऊ फडक्याने पुसा, स्प्रे अजिबात नाही.

वेसावकरीण
बॅकलाइट ५५ केला. आई म्हणाल्या आता डोळ्यांना पण बरं वाटतंय, खालची पट्टी नीट वाचता येते.